भिवपुरीच्या निम्मी वीज, तीन देशांच्या सह्या

कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीत टाटांचं वीजघर 1922 पासून चालू आहे. मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली, पाणी घाटाखाली आणलं, वीज मुंबईला गेली. एरवी बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी वीज करून पेज नदीत उतरतं आणि राजनाल्यातून कर्जतच्या उन्हाळी भाताला मिळतं. या वीजघराची क्षमता 75 मेगावॉट.

आता दुसरा आकडा ऐका. 40 मेगावॉट. भिवपुरीच्या जेमतेम निम्मी वीज नेपाळने बांगलादेशला विकावी, म्हणून 3 ऑक्टोबर 2024 ला भारतासह तीन देशांनी काठमांडूत सह्या केल्या. तीही वीज फक्त 15 जून ते 15 नोव्हेंबर एवढीच. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये आपली सिलिगुडीची पट्टी आहे, अरुंद जागी सुमारे 22 किलोमीटर. एवढं ओलांडायला इतकी वर्षं लागली, ही दक्षिण आशियाला लाज आणणारी गोष्ट आहे.

सार्कने विजेच्या देवाणघेवाणीचा करार 2014 मध्येच केला होता. त्यानंतर सार्कची एकही शिखर परिषद झालेली नाही. व्यापाराचंही तेच: आसियान देशांचा साधारण पाव व्यापार आपसात होतो. दक्षिण आशियात तो पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो.

गरज मात्र एकमेकांना पुरी पडणारी आहे. पावसाळ्यात नेपाळच्या नद्यांत वीज उरते, हिवाळ्यात कमी पडते. आपल्याकडे दुपारी सौरवीज मुबलक, संध्याकाळी टंचाई. भिवपुरीतही आता 1000 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प ठरला आहे: वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडायचं. हिमालयातल्या धरणांना हेच काम अख्ख्या प्रदेशासाठी करता येईल.

भूतानने वाट दाखवली आहे. भारताच्या पैशावर तिथलं चुखा वीजघर उभं राहिलं, उरलेली वीज भारताने घेतली, भूतानच्या तिजोरीत पैसा आला. भिवपुरी चालवणारी टाटा पॉवर तिथल्या 126 मेगावॉटच्या दागाछू प्रकल्पात भागीदार आहे.

नेपाळच्या ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. सुरक्षेची काळजी रास्त आहे. पण नेपाळचे बाकीचे प्रकल्पही आहेत. त्यांना आपल्या तारा वर्षभर खुल्या करा. मोठ्या देशाने आधी दार उघडायचं असतं.

आणि एक गोष्ट टाटांच्याच मुळशी धरणाकडून शिका. 1921 मध्ये सेनापती बापटांना तिथे सत्याग्रह करावा लागला, कारण धरणाखाली जाणाऱ्या जमिनीच्या मालकांना कोणी विचारलंच नव्हतं. यापुढच्या प्रत्येक करारात विजेच्या दराशेजारी उठवलेल्या गावांचा वाटाही लिहा. गावं सोबत असतील तरच देश सोबत राहतील.