नीतिमत्ता, तास 3

टेक्सास राज्याच्या हिशेबानं माणसाला दोन वर्षांसाठी 3 तास नीतिमत्ता पुरते. टवाळी करत नाही, नियमच आहे. विमा कंपनीच्या वतीनं लोकांच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या ॲडजस्टरला लायसन्स टिकवायचं तर दर दोन वर्षांत 24 तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं, त्यातले 3 तास नीतिमत्तेचे. उरलेल्या 21 तासांत ती असलीच पाहिजे असा सरकारचा आग्रह दिसत नाही. तास कमी भरले तर तासामागे 50 डॉलर दंड. म्हणजे नीतिमत्तेचा चालू भाव 150 डॉलर. लायसन्सची मुदतही नेमकी वाढदिवसाच्या महिन्यात संपते. घरात केक वितळत असतो आणि मी लॅपटॉपपुढे बसून, पॉलिसीधारकानं दिलेली भेटवस्तू घ्यावी की नाही, यावर चार पर्यायांतून सदाचार निवडत असतो.

लायसन्स मिळवणं त्या मानानं सोपं. सॉफ्टवेअरची नोकरी गेल्यावर मी 40 तासांचा कोर्स केला. तो पुरा करून त्याच्याच शेवटच्या परीक्षेत 70 टक्के मिळवले की राज्याची परीक्षा माफ. मग बोटांचे ठसे. माझा हात यापूर्वी फक्त नरसोबाच्या वाडीला एका ज्योतिषानं पाहिला होता. त्यानं परदेशगमन सांगितलं. तिथं शिडी लावून परक्यांच्या छपरावर चढावं लागेल हे सांगितलं नाही. टेक्सासला माझ्या भविष्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांनी भूतकाळ तेवढा तपासला.

कोर्समधला खरा रस पाण्यात आहे. वाऱ्यानं छप्पर फाटलं आणि त्या भोकातून पाऊस आत आला, तर घराची नेहमीची पॉलिसी पैसे देते. तेच पाणी रस्त्यावरून चढत उंबऱ्यातून आलं, तर तो पूर. त्याला वेगळा विमा लागतो, आणि तो बहुतेकांनी काढलेला नसतो. 2017 मध्ये हार्वे वादळानं ह्यूस्टन बुडवलं तेव्हा हजारो घरमालकांना हा धडा कोर्सची फी न भरता मिळाला. सांगलीला फोनवर आईला हे समजावत होतो. 2019 च्या पुरात कृष्णा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन गेलेली.

"पाणी ते पाणी," आई म्हणाली. "वरून आलं काय नि खालून आलं काय, गहू भिजलाच की!"

विमा कायद्यावर याहून नेमकं भाष्य मी त्या 40 तासांत ऐकलं नाही.

प्रत्यक्ष काम बव्हंशी गारांचं. डलासच्या बाजूला वसंतात लिंबाएवढ्या गारा पडतात. आपण छपरावर चढायचं, खडूनं दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखायचा आणि आत किती ठोके बसले ते मोजायचं. वडिलांनी जन्मभर खडू फळ्यावर वापरला. मी उतारावर वापरतो. खाली घरमालक मान वर करून उभा असतो. त्याच्या मते सगळं छपरच गेलं, कंपनीच्या मते ते वयानुसार झिजलं. मधे मी, नीतिमत्तेचे तास भरलेला.

राज्य बदललं की पुन्हा कागद. ओक्लाहोमाला वेगळं लायसन्स लागतं. कोलोरॅडोत गारा तितक्याच जोरकस, पण कंत्राटी ॲडजस्टरला लायसन्सच लागत नाही; शिडी असली की झालं. गंमत पुढे आहे. त्याच कोलोरॅडोच्या माणसाला फ्लोरिडात वादळाच्या कामावर जायचं, तर दाखवायला घरचं लायसन्स नसतं. मग तो टेक्सासचं काढतो आणि कागदोपत्री टेक्सासला आपलं घर मानतो. दत्तक जायला इतकी सोपी पद्धत आमच्या संस्थानिकांनाही मिळाली नव्हती.

परवा आईनं गोठ्याच्या उडालेल्या पत्र्याचा फोटो पाठवला. "किती मिळतील बघ."

"आई, माझं लायसन्स तिकडे चालत नाही. तिथं सर्व्हेअर लागतो. त्याला इंजिनिअरिंगसारखी पदवी, परीक्षा आणि वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी."

"वर्षभर? आणि तुझं किती तासांत झालं?"

"चाळीस."

"मग राहू दे," आई म्हणाली, "सर्व्हेअरलाच बोलावते."