बशीची पाठ

लग्नाच्या पंगतीत सगळे जिलेबीकडे बघत असताना एक माणूस बशी उलटी करून तिच्या पाठीवरची अक्षरं वाचत असतो. तुमच्याही नात्यात एखादा असेलच. आमच्या कुंभिवलीत त्यांना नाना म्हणतात. उभी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात, माल तपासण्याच्या खात्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी युरोपची चिनी माती हाती घेतली.

बशीत काय वाढलंय हे नानांच्या लेखी गौण. सत्यनारायणाचा शिरा डाव्या तळहातावर ओतून घेतात, बशी उलटवतात, "मेलामाइन," असा निकाल देतात आणि मगच प्रसाद खातात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा कांदेपोह्यांची बशी डोक्यावर धरून खालून वाचू लागले. चार पोहे चष्म्यावर पडले. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलाकडची काही रीत असेल. त्यांनीही आपली बशी वर धरली. लग्न जमलं.

ज्ञान मात्र पक्कं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी म्हणजे जर्मनीचं माइसेन, 1710 सालचा कारखाना. गुंफलेले दोन 'एल' म्हणजे फ्रान्सचं सेव्र. तीन लाटा म्हणजे कोपनहेगन. "पण खुणेवर भुलायचं नाही, तलवारी जगभर चोरल्यात." मग बशी उन्हात धरायची, पातळ पोर्सलीन असेल तर मागच्या बोटांची सावली दिसते. टिचकी मारायची, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे आणि किंमत तिथेच कोसळली. देशाचं नाव छापलेलं असेल तर बशी बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर ते सक्तीचं केलं. अमेरिकेच्या जकातीचा हा विषय आमच्या पारावर जितक्यांदा निघालाय, तितक्यांदा वॉशिंग्टनमध्येही निघाला नसेल.

इकडे आता फार्महाऊसवाले वाढलेत. त्यांतल्या एका शेठनी नानांना जेवायला बोलावलं. टेबलावर तलवारछाप बशा; म्हणे पणजोबांच्या, लाखांच्या. नानांनी पापलेट शेजारच्याच्या ताटात सारलं, बशी उलटवली, भिंग काढलं. "फुलं हाताने रंगवलेली नाहीत, छपाईचे ठिपके दिसतात. आणि तळाच्या कड्यावर एक ओरखडा नाही. शंभर वर्षं ही बशी टेबलाला टेकलीच नाही वाटतं?" पुन्हा बोलावणं आलं नाही. नानांना हळहळ वाटली ती पापलेटची.

या माणसाला शेजारी बसवून घ्यायला कोणी धजत नाही, मीही नाही. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी.

गावात एक म्हातारी आहे. तिची सासू माथेरानला एका पारशी बंगल्यात कामाला होती. बंगला बंद झाला तेव्हा तिला एक वाडगा मिळाला, त्यात पुढे खडेमीठ असायचं. मुंबईच्या चोरबाजाराशी लागेबांधे असलेला एक दलाल त्याच्या बदल्यात प्लॅस्टिकचा टब देऊ करत होता. नाना पोचले, मीठ स्वतःच्या टोपीत ओतलं आणि वाडगा उलटवला. पाठीवर स्फिंक्सचा छाप, पेट्रुस रेगू, मास्ट्रिख्ट. म्हणजे नेदरलँड्सचा माल, आशियात पुष्कळ खपलेला. "आजी, हे पोर्सलीन नाही, साधी पांढरी माती आहे. लाखाचा नाही हा, पण टबाचाही नाही." दलालाच्या देखत बाजारभाव सांगून मोकळे. तो उठून गेला. वाडगा नानांना स्वतःलाच हवा होता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आजीनेही देऊ केला. हे म्हणाले, "राहू दे, मीठ कशात ठेवशील?"

खरी किंमत आधीच सांगून टाकणाऱ्याचा संग्रह व्हायचा कसा? नानांच्या घरी जुनी म्हणावी अशी एकही बशी नाही. स्टीलच्या ताटल्या आहेत, त्यांच्या पाठीवर वहिनींचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. वहिनी गेल्यापासून त्या ताटल्याही ते जेवण्याआधी उलटवून बघतात.

तुमच्या माळ्यावर सोनेरी कडेची जुनी बशी असेल, तर तिला तारेची घासणी लावू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. विकायची झाली तर दलालाआधी नानांना दाखवा. ते फी घेत नाहीत.