सहा क्विंटलचं कार्ड

एखाद्या वस्तूवरून मनसोक्त भांडायचं असेल तर ती आपल्याकडे नसलेली बरी. माझा भाचा एनव्हीडियाच्या हिरव्या पक्षात आहे, पुतण्या एएमडीच्या लाल पक्षात. (रंग कंपन्यांचे आहेत. आमच्या वाशीम जिल्ह्यात रंगांचं राजकारण आधीच पुरेसं आहे, म्हणून खुलासा.) या कंपन्या बनवतात ते ग्राफिक्स कार्ड दोघांकडेही नाही. तरी चकली चावता चावता जे चालतं ते ऐकावं.

"आठ जीबीत काय होते बे?"

"तुह्या कार्डाले १६५ वॅट लागते. गावातला डीपी उडन!"

वाद २०२३ सालच्या दोन कार्डांचा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ७६०० ला १६५. रिसोडकडच्या गावात डीपीचा मुद्दा गंभीरच, तो हिरव्यांना दिला. अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर विरुद्ध २६९, हा मुद्दा लालांना. राहिली आठ जीबी मेमरी, तर ती दोन्ही कार्डांत आठच आहे. हे दोघांनाही ठाऊक आहे, पण एवढ्या कारणावरून कोणी भांडण थांबवत नाही.

भांडण जुनंच आहे. १९९९ मध्ये एनव्हीडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' अशी दवंडी पिटली. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या एटीआयने रेडिऑन काढलं. वूडू कार्डांची थ्रीडीएफएक्स एकेकाळी या धंद्यातली पाटलीण होती. तिचं किडुकमिडुक एनव्हीडियाने विकत घेतलं. मला मात्र यातला २००१ चा प्रसंग सगळ्यात प्रिय आहे. एटीआयचं कार्ड 'क्वेक ३' हा खेळ झपाट्याने पळवायचं. कोणी तरी खेळाच्या फाईलचं नाव नुसतं बदलून 'क्वॅक' केलं, आणि कार्डाचा वेग घसरला! ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, खेळाचं नाव वाचून गुपचूप चित्राचा दर्जा उतरवत होता. भरारी पथकाची जीप लांबून ओळखणारी परीक्षा केंद्रं आपल्याकडेही असतात. हिरव्यांनी फार हसू नये. २००३ मध्ये 'थ्रीडीमार्क' ही चाचणी बनवणाऱ्या फ्युचरमार्कने त्यांच्याही ड्रायव्हरवर फसवणुकीचा ठपका ठेवला, आणि थोड्याच दिवसांत तो शब्द मागे घेतला. आता त्याला म्हणे 'ऑप्टिमायझेशन' म्हणायचं.

२००६ मध्ये एएमडीने ५.४ अब्ज डॉलर मोजून एटीआयच घेतली आणि सामना दोघांत उरला. तेव्हापासून निम्मी लढाई आकड्यांची. २०२२ मध्ये एनव्हीडियाने ४०८० नावाची दोन वेगळी कार्डं जाहीर केली, लोक खवळल्यावर धाकटं परत घेतलं, आणि जानेवारीत ४०७० टीआय म्हणून नव्याने बारसं केलं. २०२५ मध्ये एएमडीने समोरच्याच्या ५०७० शी जुळावं म्हणून आपल्या कार्डाचं नाव ९०७० ठेवलं. आकडा मोठा, शेपूट तेच.

एके दिवशी भाचा एकटाच आला. "मामा, तीस हजारात येते." रुपयांत सांगितलं की मला काही वाटत नाही, म्हणून मी २०२४ च्या ४,८९२ रुपयांच्या हमीभावाने भागाकार केला. सहा क्विंटल सोयाबीन. बाजार समितीतल्या भावाने केला असता तर सात. त्यात १८ टक्के जीएसटी आलाच, म्हणजे जवळपास क्विंटलभर तर नुसतं सरकारच्याच पोत्यात.

पैसे टाळायला ज्ञान फार उपयोगी पडतं. मी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, बाबांनो, एनव्हीडियाचे जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानचा. ह्वांग यांची आई आणि लिसाबाईंच्या आईचे वडील ही सख्खी भावंडं. म्हणजे ह्वांग हे लिसाबाईंच्या आईचे आतेभाऊ, म्हणजेच लिसाबाईंचे मामा! शिवाय तुम्ही ज्यांच्यावरून भांडता त्या दोन्ही कार्डांच्या चिप तैवानच्याच टीएसएमसीने घडवलेल्या.

वाशीमकरांना यात नवल वाटू नये. हे गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनानंतर एकाच घराण्याच्या दोन गाद्या झाल्या, एक नंदिवर्धनला आणि एक सर्वसेनाची इथे. तेव्हाही दोन्हीकडची पोट्टी कोणाचा हत्ती जास्त चारा खातो यावर हमरीतुमरीवर आली असतील. ताम्रपटात तेवढं सापडत नाही.

पुतण्या गप्प झाला. त्याचा पक्ष भाचीचा निघाला होता, त्यामुळे आता हरणंही अवघड आणि जिंकणंही. भाच्याने मात्र नातं नीट मनात जुळवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग तिच्या मामानं तिले एखादं तरी कार्ड फुकट देलं असन ना, मामा?"