वीस लिटरांचा समुद्र

घरात समुद्र आणणार असल्याचं मी जाहीर केलं, तेव्हा आईने विचारलं, "मीठ कुठलं घालणार?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. माझी टाकी वीस लिटरांची, म्हणजे सातशे ग्रॅम. आईने तोंडी हिशेब केला की एक किलोच्या पुड्यात समुद्र होऊन वर तीनशे ग्रॅम लोणच्याला उरतील. मी म्हटलं, त्या सातशे ग्रॅमांत खायचं मीठ बहुमतात असलं तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम ही मंडळीही लागतात, म्हणून मत्स्यालयाचं मीठ वेगळं मिळतं. त्याची किंमत ऐकल्यावर ती म्हणाली, "या पैशांत काजू येतात." आता घरी कुणी आलं की ती टाकी दाखवण्याआधी मिठाचा भाव सांगते.

बायकोचं म्हणणं आणखी सोपं होतं. डोंबिवलीहून दादर गाठायचं, चौपाटीवर दोन कॅन भरायचे आणि परतीची लोकल पकडायची. एवढा समुद्र फुकट पडलाय, तो कुणासाठी? पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी नद्यानाल्यांनी पातळ होतं, हे मी तिला सांगितलं. त्या नाल्यांतून आणखी काय काय येतं, हे रोज खाडी ओलांडणाऱ्या बाईला सांगावं लागलं नाही. शिवाय दोन कॅन खाऱ्या पाण्यासह संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये शिरणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

या सगळ्याच्या मुळाशी माझी आत्या आहे. कोथरूडला तिच्या गॅलरीत बोन्साय आहेत: वड, पिंपळ, उंबर, एक चिंच. वड माझ्या आतेभावाच्या वयाचा आहे आणि आत्याच्या मते दोघांत तोच जास्त ऐकतो. बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार, असं तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. "अरे, उपाशी ठेवलेलं झाड मरतं. हे जेवतं, फक्त याला हवे तितके हातपाय पसरू देत नाही." बियाणंही काही वेगळं नसतं, देवळाची भिंत उचकटणारा जो वड, तोच या कुंडीत असतो. मुळं छाटायची, शेंडे खुडायचे, तार बांधून फांदीला वळण लावायचं, आणि हे जन्मभर करायचं. झाडाला दर्शनी बाजू असते, बुंधे विषम संख्येत लावतात, फांद्यांमधून हवा आणि नजर दोन्ही आरपार जायला हवी, वगैरे तिचे नियम आहेत. ती माणसांकडेही याच नजरेने बघते. माझ्याकडे बघून एकदा म्हणाली होती, "तुझी मधली फांदी फार सुटलीय." माझा हात आपोआप पोटावर गेला.

जपानच्या ताकाशी अमानो यांनी जपानी बागेची नजर मत्स्यालयात आणली. दगड किती, कुठे, कसा कललेला, रिकामी जागा किती ठेवायची, असा विचार त्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत केला. मग खाऱ्या पाण्यात आत्याचा बोन्साय का नको? एक कललेला दगडी बुंधा, त्याला दोन फांद्या, फांद्यांवर पानांच्या जागी प्रवाळ. जगात अशा टाक्या करणारे हौशी लोक आहेत. वरळी सी फेसवर फ्लॅट परवडत नाही, तेव्हा वरळीच वीस लिटरांत करू, असा माझा विचार.

प्रवाळ हा शब्द उच्चारल्याबरोबर दुकानदाराने आवाज खाली आणला. "साहेब, पाहिजे तर अरेंज करून देतो." त्या स्वरात आजवर मला फक्त सिनेमाची ब्लॅकची तिकिटं आणि तत्काळ रिझर्व्हेशन मिळालं आहे. घरी येऊन कायदा वाचला. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. मुंबईचा किनारी रस्ता होताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा 2020 मध्ये महापालिकेलासुद्धा वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. जिथे महापालिका अर्ज करते, तिथे मी पिशवी घेऊन जाणं बरं दिसलं नसतं. दुकानदाराला मी म्हटलं, मग एखादा वाघही अरेंज करा, छोट्या साइजचा. तो विचारात पडला, यानेच मला जास्त भीती वाटली.

आतेभावाचं काम सोपं होतं. तो नेदरलँड्समध्ये राहतो आणि तिथे हौशी लोक घरच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे एकमेकांना देतात. प्रवाळ म्हणजे असंख्य इवल्या जिवांची वसाहत. फांदी कापली तर तुकड्यातले जीव मरत नाहीत, नवी वसाहत थाटतात. हा गडी मला व्हिडिओवर कटर दाखवतो. काच् आवाज होतो, वाघाच्या अनुसूचीतला प्राणी दोन तुकडे होऊन पडतो, आणि तो एक तुकडा सुपरग्लूने दगडावर चिकटवतो. तुटक्या चपलेला लावतो तोच सुपरग्लू, जरा घट्ट जातीचा. पाण्यात चालतो, विषारी नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला देतं. भाडेकरूच घरमालकाला पोसतो, हे डोंबिवलीत कुणाला खरं वाटणार नाही. पाणी जास्त तापलं की हा भाडेकरू जातो आणि प्रवाळ पांढरा पडतो.

एवढ्याशा जागेत समुद्र कोंबण्याची ही खटपट जुनी आहे. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ एका बरणीत घालून लंडनला नेले. यजमान वेस्टमिन्स्टरच्या चर्चमधले मोठे धर्मगुरू. पंप नव्हता, वीज नव्हती. प्रवाळांना हवा हवी, म्हणून घरच्या मोलकरणीने पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास, रोज. पुढच्या वर्षी बाईंनी टाकीत समुद्री वनस्पती घातल्या आणि हवेचा प्रश्न बराचसा सुटला. वनस्पतींमुळे संतुलित मत्स्यालयाचा शोध लागला, असं पुस्तकं सांगतात. माझ्या मते तो शोध मोलकरणीच्या खांद्यांनी लावला. आमच्या मावशींना मी ही हकिकत सांगितली, थोड्या आशेने. त्या म्हणाल्या, "दादा, मी फक्त भांडी आणि केर. ठरलंय तसं."

थिनबाईंच्या मागोमाग फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक 1854 मध्ये आलं आणि इंग्लंडला मत्स्यालयाचं वेड लागलं. पोस्टमास्तर, पाद्री, वकील, सगळे बादल्या घेऊन किनाऱ्यावर. गॉसांचा मुलगा एडमंड याने 1907 च्या 'फादर अँड सन'मध्ये लिहून ठेवलं आहे की वडिलांच्या पुस्तकांनी धाडलेल्या या प्रेमी लोकांनी खडकांतली डबकी पार उजाड केली. निसर्गप्रेमाचा एवढा मोठा छापा निसर्गावर तोवर पडला नसेल. म्हणून मी एक नियम घातला: समुद्रातून काहीही उचलायचं नाही. आजही या छंदातले बहुतेक खाऱ्या पाण्याचे मासे जाळ्यात धरून आणलेलेच असतात. विदूषक माशासारख्या काही जातींची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे, पण वीस लिटरांत त्यालाही कोंडणं म्हणजे सहा माणसांना वन आरके देणं. तेव्हा मासा नाही. कायद्याने प्रवाळ नाही, तत्त्वाने मासा नाही. "मग आहे काय?" बायकोने विचारलं.

आहे ते सांगतो. सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा, घरी ओतलेला, उजवीकडे कललेला एक बुंधा. सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत तो बादलीत भिजत पडला होता आणि तेवढे दिवस बाथरूममध्ये घरच्यांना एका पायावर अंघोळ करावी लागली. मग टाकी भरली आणि काहीही न घालता चालू ठेवली, कारण आधी जिवाणू स्थिरावावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट, आणि या कारभाराला कित्येक आठवडे जातात. त्या काळात शेजारी येऊन रिकाम्या उजळलेल्या पाण्याकडे बघत हळूच विचारत, "गेले का सगळे?" मी सांगायचो, "अजून आलेच नाहीत." सांत्वन अर्धवट राहिल्यासारखे ते चहा पिऊन जात.

नंतर पानं आली. मुलुंडच्या एका हौशी गृहस्थांनी आपल्या टाकीतली छाटणी दिली. एक हॅलिमेडा: चपट्या हिरव्या नाण्यांच्या माळा, बघणाऱ्याला बुटका निवडुंगच वाटावा. ही वनस्पती अंगात चुना साठवते आणि मेली की त्याची वाळू होते. उष्ण समुद्रांतल्या कित्येक पांढऱ्या पुळणी तिच्या जिवावर आहेत. बोन्सायसाठी ती आदर्श, सावकाश वाढते, आकार धरते. दुसरी कॉलर्पा. हिच्याबद्दल गृहस्थांनी मला दारात थांबवून ताकीद दिली. अख्खं झुडूप म्हणजे एकच पेशी असते. मनाविरुद्ध काही झालं, उजेड बदलला किंवा अन्न संपलं, की ती एका रात्रीत अंगातलं सगळं पाण्यात सोडून देते. सकाळी टाकीत हिरवट दूध आणि फांदीवर पांढरी सालं. भूमध्य समुद्रात तिची एक बहीण 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली चौरस मीटरभर दिसली आणि पुढे फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशिया असे किनारे फिरून आली. म्हणून हिची छाटणी गटारात टाकायची नाही. उन्हात वाळवून कचऱ्यात. आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अशीच एक राहते माझ्या सोसायटीत."

आकार लहान केला की काम लहान होतं, हा समज मात्र टाकीने पहिल्या आठवड्यातच मोडला. समुद्र कोट्यवधी घनकिलोमीटरांचा आहे. त्यात देवमासा मेला तरी पाण्याला कळत नाही. वीस लिटरांत एक गोगलगाय मेली तर राष्ट्रीय दुखवटा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. लिटरभर उडालं की 35 चा आकडा 37 च्या घरात जातो. अडीच लिटर उडालं की तो चाळीसवर जातो आणि डोंबिवलीत तांबडा समुद्र होतो. म्हणून रोज गोडं, क्षारमुक्त पाणी पेल्याने घालायचं. मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून त्यावर पंखा सोडला, तर पंख्याने पाणी अधिक उडतं. शिवाय आमच्याकडच्या दमट हवेत तो थंड करण्यापेक्षा धीर देण्याचं काम जास्त करतो. शीतयंत्र मिळतं, पण टाकीपेक्षा मोठं येतं आणि त्याचं बिल पाहिलं तर जगाचा समुद्र वाचवायला निघालेल्या माणसाने ते लावू नये. टाकी मग सगळ्यात थंड भिंतीला, म्हणजे देवघराशेजारी गेली. आईने तिथे उदबत्ती बंद केली, फार न बोलता. लग्नाला जायचं तर आधी पाणी घालणारा माणूस शोधायचा. शेजारच्या मुलाला मी पेला, खूण आणि तीन पानी सूचना दिल्या. तो म्हणाला, "काका, आमच्या कुत्र्यालाही एवढं लागत नाही."

आत्या पुण्याहून आली ती थेट टाकीसमोर बसली. चष्मा पुसला, खुर्ची डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. मला वाटलं, आता वारसा सोपवते. "बुंधा बरा आहे," ती म्हणाली. "पण दर्शनी बाजू भिंतीकडे केलीयस." आणि लांब चिमट्याने कॉलर्पाचा सुटलेला शेंडा अचूक खुडला. रात्रभर मी जागा होतो. दूध झालं नाही. आत्याच्या हाताला एकपेशीय वनस्पतीही घाबरतात.

टाकी चांगली चालली आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तरीही कुणी सल्ला विचारला तर मी वड लावायला सांगतो. वड चार दिवस एकटा राहतो. प्रवाळच बघायचा असेल तर मालवणला जा. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. नितळ पाण्याचे महिने विचारून घ्या, बोटवाल्याला प्रवाळांवर नांगर टाकू देऊ नका, आणि येताना खाजं आणा, दगड आणू नका.