मंगळवारी वाघ बंद

मुख्यालयातून पत्र आलं. आम्हा मधल्या अधिकाऱ्यांना नेतृत्व, व्यूहरचना, जोखीम आणि वाटाघाटी असे चार विषय शिकवायचं ठरलं होतं. मुक्काम मोहर्लीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये, ताडोबाच्या वेशीवर. ज्यांची बढती रखडली होती त्यांना हा शुभशकुन वाटला. ज्यांची झाली होती, त्यांना आता आपल्याला काढणार असं वाटलं. स्टोअरवाल्या साहेबांनी पत्र उलटंपालटं करून एवढंच विचारलं, "टीए-डीए भेटते का जी?"

व्यूहरचनेचा पहिला धडा वेळापत्रकातच होता. वाघ बघायची सफारी मंगळवारी ठेवली होती. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो हे मोहर्लीतल्या टपरीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त मुख्यालयाच्या नियोजन विभागाला नव्हतं. शिवाय ते दिवस दारूबंदीचे. गडचिरोलीत बंदी १९९३ पासूनची, आणि चंद्रपुरात २०१५ साली लागलेली, ती २०२१ मध्ये उठली. आम्ही नेमके मधल्या काळात सापडलो. त्यामुळे संध्याकाळचं 'टीम बिल्डिंग' लिंबूसरबतावर पार पडलं, आणि सगळे पूर्ण शुद्धीत एकमेकांशी बोलल्यामुळे विझत आलेली दोन भांडणं पुन्हा पेटली.

शिकवायला पुण्याहून सर आले होते. पहिल्याच स्लाइडवर वाघ. "नेता वाघासारखा असावा," सर म्हणाले.

पुण्यात हे खपलं असतं. चंद्रपुरात वाघाविषयी जरा जपून बोलावं लागतं, कारण समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांनी तो रस्ता ओलांडताना पाहिलेला असतो. इथल्या वीज केंद्राच्या आवारातसुद्धा तो हजेरी लावून जातो. वाघ एकटा राहतो. त्याच्या हाताखाली कुणी नसतं. दिवसाचा बराचसा वेळ तो सावलीत नाहीतर पाण्यात पडून काढतो, शिकार बहुतेक वेळा हुकते, आणि हद्दीत दुसरा नर आल्याचा नुसता वास लागला तरी हातातलं काम टाकून त्याच्या मागे लागतो. देखभाल विभागातले एकजण हळूच म्हणाले, "सर, असे साहेब आमच्याकडे अगोदरपासून आहेत." खरी संघभावना याच जंगलातल्या रानकुत्र्यांकडे आहे, मिळून शिकार, पिल्लांना आधी खाऊ देणं, सगळं आहे. पण 'रानकुत्र्यासारखे व्हा' असं लिहिलेली स्लाइड कुठला साहेब मंजूर करणार?

जोखमीच्या तासाला सरांनी तक्ता काढला. आडव्या रेघेवर शक्यता, उभ्या रेघेवर परिणाम, मधे हिरवे-पिवळे-तांबडे चौकोन. चहा घेऊन आलेला पोरगा जवळच्याच गावचा, आणि गावातल्या 'पीआरटी'त होता. वाघ गावाशेजारी आला की वनखात्याची गाडी पोहोचेपर्यंत सांभाळून घेणारी ही गावातल्याच पोरांची तुकडी. सर उत्साहानं म्हणाले, "सांग बरं, वाघाचा धोका कुठल्या चौकोनात येईल?"

त्यानं ट्रे खाली ठेवला, तक्ता नीट पाहिला. "वाघ दिसला तं धोका कमी जी. नाई दिसला तं जास्त."

सरांच्या तक्त्यात असा चौकोन नव्हता. पुढे त्यानं सांगितलं की पीआरटीचं मुख्य काम वाघ आवरायचं नसून माणसं आवरायचं असतं. कुणी दगड मारतो, कुणी मोबाईल घेऊन पुढे सरकतो, कुणी झाडावर चढून खालच्यांना सूचना देतो. वाघ बिचारा निघून जायला वाट शोधत असतो आणि गर्दी ती वाट अडवून उभी असते. (हे वाक्य मी कंपनीच्या वार्षिक बैठकीसाठी राखून ठेवलं आहे.)

त्याच तक्त्यात मोहफुलं वेचणारी बाई बसवून पाहावी. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात, उशीर केला की जनावरं खाऊन जातात, म्हणून उजाडता उजाडता जावं लागतं. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटेलच याची खात्री नाही. हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. चौकोन तांबडा असून ती जाते. इथे मला विनोद सुचत नाही.

वाटाघाटींसाठी सरांनी संत्र्याची गोष्ट सांगितली. दोन बहिणी, एक संत्रं. एकीला रस हवा, दुसरीला साल. आधीच विचारलं असतं तर भांडण झालंच नसतं. जगभरच्या प्रशिक्षणांत ही गोष्ट चालते, फक्त ती विदर्भात सांगू नये. आमचे खरेदी विभागाचे साहेब काटोलचे. ते म्हणाले, "सर, एका संत्र्यासाठी कोन भांडते? आमच्याकडे पाहुण्याले एक संत्रं देल्लं तं तो पुन्हा येत नाई." मग आंबिया आणि मृग बहारावर दहा मिनिटं गेली आणि बहिणी तशाच राहिल्या.

सर म्हणाले, "बरं, तुमचा अनुभव सांगा." काटोलकर साहेब उठले. धानोऱ्याकडच्या एका गावात ते बांबू घ्यायला गेले होते. त्या भागातला बांबू पूर्वी सरकारी करारानं कागद गिरणीला जायचा, गावाला विचारायचा प्रश्नच नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली त्याच भागातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच खिशात राहिला. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तकच गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हातात दिलं. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांना पटल्यावर होतो. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढे ढकलायचा. आधी अभ्यासगटात प्रश्न चिवडायचा. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल अशा गटांत वर्षानुवर्षं बसले. ही सवय मग आसपासच्या गावांनाही लागली.

काटोलकरांनी दर सांगितला. ग्रामसभा म्हणाली, "इचारून सांगतो जी." आठवड्यानं गेले. एका आजीला पटलं नव्हतं. ट्रक तिच्या वावराच्या बांधावरून जाणार होता. पुन्हा आठवडा. तोवर मुख्यालयातून फोनावर फोन. घाबरून साहेबांनी आपणहून दर वाढवला. गाव गप्पच. त्यांनी अजून वाढवला. "समोरून कोनी मांगतलंच नव्हतं सर. त्याहिले फक्त बांधाचं पाहाचं होतं." शेवटी ट्रकचा रस्ता बदलला, आजी हो म्हणाली आणि करार त्याच दुपारी झाला, अर्थात वाढलेल्या दरानं.

सरांनी विचारलं, "यात तुमचा 'बाटना', म्हणजे सौदा फिसकटला तर हाती उरणारा पर्याय, काय होता?" साहेब म्हणाले, "माझा नव्हता. त्याहिचा होता. बांबू उभाच राह्यते."

तेंदूपत्त्याचं तसं नाही, तो थांबत नाही. मे महिन्यातले थोडे दिवस, पाऊस आला की संपलं. तिथे घासाघीस फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी होते. मी पाहिली आहे. सत्तर पानांचा पुडा, वाकानं बांधलेला, ओळीत मांडलेला. मुंशी एक उचलतो, हातावर तोलतो, "कमी आहे" म्हणतो. पुडा आणणारी बाई वाद घालत नाही. "मोज," म्हणते आणि समोर उकिडवी बसते. मागे रांग, डोक्यावर पंचेचाळीसचं ऊन. मुंशी वीसेक पानं मोजतो, मान वर करतो. ती तशीच बसलेली. पुडा ओळीत परत ठेवला जातो. या तंत्राला पुस्तकात नक्की काहीतरी नाव असणार.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर आमच्या मुंबईच्या एचआर मॅडम रिसॉर्टच्या बिलावर सवलत मागायला गेल्या. चारही विषय त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकले होते. व्यवस्थापक मूल गावचा. मॅडमनी मुद्दे मांडले: एसी दोनदा बंद पडला, पोहे थंड होते, आणि पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा येऊ. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे मॅडम. मालकाले इचारून सांगतो," म्हणाला, आत गेला आणि चहा घेऊन आला. मालकाचा फोन लागत नव्हता. बाहेर बस हॉर्न देत होती, चंद्रपूरहून गाडीची वेळ होत आली होती. तो समोर बसून राहिला. मॅडमनी सवलत दहा टक्क्यांवरून पाचवर आणली. "इचारतो ना," म्हणून तो उठला आणि दुसरा चहा घेऊन आला.

मॅडमनी पूर्ण बिल भरलं. दोन्ही चहा त्यात वेगळे लावले होते.