कॅम्पात ‘डेडिकेटेड’ कसे वापरावे

बेळगावच्या खडेबाजारात किंवा शहापुरात माणूस कामसू असतो, झटून करणारा असतो, फार तर खुळा असतो. तोच कॅम्पात राहायला आला की डेडिकेटेड होतो. नवख्यांची पंचाईत होऊ नये म्हणून हे नियम.

निरोप समारंभात हा शब्द शाल खांद्यावर पडायच्या आत आला पाहिजे. मागाहून आला तर लोकांचे लक्ष नाश्त्याकडे गेलेले असते.

व्याकरण सांभाळावे. ‘डेडिकेटेड टू’पुढे नाम येते, नाहीतर ‘इंग’ लावलेले क्रियापद: डेडिकेटेड टू टीचिंग. ‘टू टीच’ म्हणू नये. म्हटल्यास आमचे अण्णा भर सभेत उठून दुरुस्त करतात. अण्णा सेंट पॉल्सचे. शाळा १८५६ची, आणि तेव्हापासूनचे कॅम्पातले सगळे इंग्रजी आपल्याच अंगावर आहे असा त्यांचा समज. गणपतीत पोरांनी बॅनर लावला, तर अण्णा मार्कर घेऊन शिडीवर! गुडघे कुरकुरतात, रात्री मलम चोळत बसतात, पण नाही. “काय वो अण्णा, उतरा की खाली,” म्हटलं, तर वरून उत्तर, “डेडिकेटेडमध्ये एक ‘डी’ कमी हाय रे.” शिडी कुणी धरायची? मी.

नोकरीत असलेल्याला डेडिकेटेड म्हणू नये. तो लगेच रजा मागतो.

फौजी माणसाला तर मुळीच नको. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२पासून बेळगावात आहे. ब्रीद ड्यूटी, ऑनर, करेज. एका निवृत्त सुभेदारांना मी हौसेने डेडिकेटेड म्हटले.

“म्हणजे काय वो?”

“मन लावून ड्यूटी करणारे.”

“मग बिनमनाची ड्यूटी कशी करत्यात?”

विषय तिथेच संपला.

१९५६पासून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्यांनाही हा शब्द लावू नये. महाराष्ट्राचा बेळगाववरचा सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ही माणसे अजून तारखा लक्षात ठेवतात. त्यांना चिवट म्हणावे.

वस्तूंना मात्र खुशाल लावावा. तिथे अर्थ होतो, एकाच कामासाठी राखलेली. उदाहरणार्थ, अण्णांच्या शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपबशा पाहुण्यांसाठी डेडिकेटेड आहेत. शिडी धरणाऱ्याला चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो.