१२ जूनची सोय

जागतिक बालकामगारविरोधी दिन १२ जूनला पाळला जातो आणि महाराष्ट्रातील ऊसतोडीपुरते बोलायचे तर ही तारीख सर्वांच्याच सोयीची आहे. कारण दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला हंगाम तोवर आटोपलेला असतो, फडात चिटपाखरू नसते आणि प्रभातफेरीत घोषणा द्यायला बीडकडच्या ऊसतोड मजुरांची मुले गावी परतलेली असतात. हंगामात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोजली जाते, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला देतो आणि मजुरी टनावर ठरते. त्यामुळे वाढे गोळा करणारी आणि धाकट्या भावाला कोपीत सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी कोणाच्याच हजेरीपटावर येत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी घातली खरी, पण शाळेनंतर किंवा सुटीत घरच्या बिनधोक उद्योगाला हातभार लावण्याची मुभाही ठेवली. आता जिची शाळाच गावी राहिली, तिचा सगळा दिवस शाळेनंतरचाच, हे (बहुधा घाईत) कोणाच्या ध्यानी आले नसावे. तेव्हा यंदाची प्रभातफेरी जानेवारीत काढावी, आणि तीही थेट फडावर.